दिवे दिसले की वाटाणे

समुद्रात प्रखर दिव्यांची रांग दिसली, की आमच्याकडे मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांना कविता सुचते. परवा पुण्याच्या एका काकांनी तर मला गच्चीवर नेऊन परग्रहावरची यानं दाखवली.

मी म्हटलं, "काका, त्या मोठ्या बोटी आहेत. उजेडाला भुलून सगळी मासळी त्यांच्या जाळ्यात जाते."

"तरी दृश्य विलक्षण आहे," म्हणत त्यांनी फोटो काढले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारणीची हाक आली. तिच्या नवऱ्याची होडी लहान, किनाऱ्यालगत जाळं टाकणारी. "वयनी, दिवे लागले गो. वाटाणे भिजत घाल."

आमच्या आळीत आता हाच शिरस्ता आहे. दिवे दिसले की सकाळी होडी रिकामी येणार, असं धरूनच चालायचं. लांबून देखण्या दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी कुणाचं तरी जेवण बिघडवत असतात. मीही शहरात गेले की रोषणाई बघत हिंडते. तिथे कुणाकडे वाटाणे भिजतात, हे कुठे विचारते?

दुसऱ्या दिवशी काकांनी ताट पाहून विचारलं, "बांगडा नाही?"

"काल त्याचेच फोटो काढलेत तुम्ही."

काकांनी उसळ दोनदा मागून घेतली.