अप्पांच्या फोनवरचं पहिलं वाक्य

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी फ्लटर शिकायला घेतलं. एकदा लिहिलेलं ॲप अँड्रॉइडवरही चालतं आणि आयफोनवरही, एवढंच मला कळलं होतं. आयफोन आमच्या चाळीत कुणाकडेच नव्हता. लॅपटॉप मैत्रिणीच्या भावाचा, जुना. त्याच्या पडद्यावर ॲप तपासायचा नकली फोन सुरू केला की लॅपटॉप अडकूनच पडायचा. शेवटी फ्लटर शिकवणाऱ्या सरांनी अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन केबलने जोडायला शिकवलं. सुट्टीच्या दिवशीही ते माझ्या चुका शोधून द्यायचे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

अप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा माग चालवत. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. अव्वाने, म्हणजे आईने, बोलावं आणि ते मोठ्या अक्षरांत अप्पांसमोर उमटावं, असं ॲप मला करायचं होतं.

ते अर्धवट असतानाच कारखान्याच्या मुकादमांचा मला फोन आला. शेजारच्या मागात एकाचा हात अडकला, तो ओरडला, आणि अप्पांना ऐकूच आलं नाही. "मालक नको म्हणत्यात. सोमवारपासनं पाठवू नका. तुमीच सांगा, माज्याच्यानं हुईना."

घरात सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार, आणि आमच्या नि शेजाऱ्यांच्या खोलीमध्ये नुसता पत्रा, सगळ्या चाळीला ऐकू जाणार. मी म्हटलं, कागदावर लिहून देते. लिहिता न येणारी अव्वा म्हणाली, "न्हाय. मीच सांगनार. तुजं ते काय हाय ते लवकर कर."

रविवारी संध्याकाळी ॲप चाललं. आधी मीच बोलून पाहिलं, "अप्पा, चहा घेता का?" अक्षरं उमटली. अप्पांनी फोन जवळ धरला, मग लांब धरला.

"ह्ये मराठी हाय की गं. मला कुटं येतंय वाचाय?"

घरात आम्ही मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतो. मैंदर्गीच्या कन्नड शाळेत ते चौथीपर्यंत शिकले, हे मला ठाऊक होतं. माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर त्यांची कन्नड सही आहे. सही करण्याआधी ते पुस्तकाकडे बराच वेळ बघत आणि "लई चांगलं" म्हणत. ते बाईंचा शेरा वाचतात, असंच मी त्या रविवारपर्यंत धरून चालले होते.

कोडच्या एका ओळीत मी मराठीच्या जागी कन्नड केलं. सेव्ह करताच बदल फोनवर आला. वर्गात मला याचं केवढं कौतुक वाटलं होतं.

अव्वाने फोन तोंडाशी धरला आणि अगदी हळू आवाजात, कन्नडमध्ये सांगितलं, की उद्यापासून कारखान्यात जायचं नाही, मालकांनी नको म्हटलंय.

उमटलेल्या अक्षरांतलं एकही मला वाचता येत नव्हतं. अप्पांनी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि एकेक जोडत वाचायला लागले. मोठ्याने. कान गेल्यापासून त्यांना स्वतःचा आवाज कळत नसे.

पत्र्यापलीकडचा टीव्ही कुणीतरी बंद केला. अव्वाने त्यांच्या तोंडाकडे हात नेला, तोवर ते शेवटच्या शब्दाला पोचले होते. मग नीट कळलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.