एक ऊस आणि ट्रॉली

माझ्या मुलीनं हळदीचे दर सांगणारं ॲप केलं, तेव्हा आमच्या निम्म्या कुंडल गावाच्या फोनवर ते मीच, तिला न विचारता, पोचवलं. दर ती सांगलीतल्या एका माणसाच्या वेबसाइटवरून उचलायची. तिचा प्रोग्रॅम त्याची सगळी पानं तासातासाला आपोआप उतरवून घ्यायचा. एक दिवस त्या माणसाचा मेसेज आला : हे आमच्या वेबसाइटच्या अटींत बसत नाही, थांबवा, नाहीतर वकिलाची नोटीस पाठवतो.

मुलगी रडकुंडीला आली. तिचं पहिलंच ॲप होतं ते. कायद्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण बाह्या सरसावून त्याला फोन मीच लावला, स्पीकरवर.

"आवं, उघड्यावर ठेवलंय तुमी. कुणीबी बघावं!"

"तुमचा ऊस रस्त्याकडंला हाय का?" त्यानं शांतपणे विचारलं.

"हाय की."

"जाणाऱ्यानं एक ऊस मोडून खाल्ला तर?"

"खाऊ दे की. कोण न्हाई म्हणतंय?"

"आन् ट्रॉली लावून भरून नेला तर?"

शेजारी मुलगी फिसकन हसली. मग तिनंच फोन घेतला. दिवसातून एकदाच फक्त हळदीचा दर घ्यायचा आणि खाली त्याच्या वेबसाइटचं नाव द्यायचं, एवढ्यावर त्यानं लेखी परवानगी दिली.

पुढच्या रविवारी मी त्याला जेवायला बोलावलं. बांधावर थांबून, हात जोडून तो म्हणाला, "मालक, एक मोडू का?"

"मोडा की," मी म्हणालो, "पण आधी ट्रॉली कुठं लपवलीय ते सांगा."