कॅमेऱ्याला हात न लावता

ऑफिसवाल्यांचे किस्से कँटीनमध्ये जमतात, नाटकवाल्यांचे दौऱ्यावर. चोरून सिनेमा करणाऱ्यांचे किस्से मात्र पोटात जमतात, कारण सांगायची सोयच नसते! दोन वर्षं मी ते गिळून बसलो होतो. आता कोर्टातली केस मिटली आहे, सिनेमा चार देश फिरून आला आहे, तेव्हा तोंड उघडायला हरकत नाही.

मी साउंडवाला. राहतो विरारला. लग्नं, वाढदिवस आणि पुढाऱ्यांची भाषणं रेकॉर्ड करून पोट भरतो. आमचे दिग्दर्शक मिंगेल सर, वसईजवळच्या सांडोर गावचे, शाळेतून रिटायर झालेले मराठीचे मास्तर. सरांनी आधी एक सिनेमा केला होता, गावातल्या बागायती वाड्या बिल्डरांच्या घशात कशा जातात त्यावर. त्यात कुणाचंही नाव नव्हतं. तरी आमच्याकडचे एक पुढारी, ज्यांना सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणतात, त्यांना तो आपल्यावरच आहे असं वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! शो बंद पडला, साहेबांच्या माणसांनी कॅमेरा फोडला आणि केस झाली ती सरांवरच. अकरा दिवस आत काढून सर बाहेर आले ते दोन अटींवर. दर सोमवारी पोलीस ठाण्यात जाऊन सही करायची, आणि निकाल लागेपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही.

सर म्हणाले, “ठीक आहे. हात नाही लावणार.”

आणि दुसरा सिनेमा सुरू केला!

अख्खं शूटिंग सर हात पाठीमागे बांधून उभे. फ्रेम बघायची तर पाठीचा कणा मोडेपर्यंत वाकायचे, पण हात मागेच. जॉय, आमचा कॅमेरामन, कधी वैतागून म्हणायचा, “सर, जरा धरा ना, मी लेन्स बदलतो.” सर दोन पावलं मागे सरकायचे.

“नको रे बाबा. कोर्टाचा अवमान होईल!”

पकडले गेलो असतो तर जामीन रद्द, सर आत आणि सिनेमा जप्त. एवढं लक्षात ठेवा आणि मग खुशाल हसा.

*

सिनेमाची गोष्ट साधी. एक विधवा बाई, तिची केळीची वाडी, आणि ती वाडी तिच्या हातून जाणं. बाईचं काम करणार होत्या फिलू मावशी. वय बासष्ट, आयुष्यात नाटकात काम केलेलं नाही, विरारच्या बाजारात भाजी विकतात. आठवणीतला नवरा म्हणून दळवी काका. वय सदुसष्ट, बँकेतून रिटायर, नाटकाचं वेड.

दोघांचा एक सीन वसईच्या किल्ल्यात हवा होता. परवानगी मागितली असती तर संध्याकाळपर्यंत साहेबांच्या कानावर गेलं असतं. पण किल्ल्यात रोज सकाळी प्री-वेडिंगवाल्यांची जत्रा भरते. गाऊन, धूर, फुगे, ड्रोन. जॉय म्हणाला, “आपणही प्री-वेडिंग म्हणूनच घुसू.”

घुसलो. एका वॉचमनने अडवलं.

“नवरा-नवरी कुठायत?”

मी मावशी आणि काकांकडे बोट दाखवलं. वॉचमन बराच वेळ दोघांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “लव्ह मॅरेज?”

पस्तीस वर्षं बँकेत मान खाली घालून काढलेले दळवी काका लाजून म्हणाले, “हो.”

मग काय विचारता! वॉचमनने दोघांना बसायला स्वतःची खुर्ची दिली. बाकीच्या जोड्यांनी आम्हाला चांगला उजेड असलेली कमान मोकळी करून दिली. लाल गाऊनमधली एक मुलगी येऊन पाया पडली आणि तिच्या फोटोग्राफरने त्याचा फोटो काढला. दुपारपर्यंत तो फोटो वसईतल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर होता. खाली ओळ, ‘प्रेमाला वय नसतं!’

गुपचूप काम करायचं म्हणून गेलो आणि तालुकाभर झालो! साहेबांच्या माणसांनीही तो फोटो पाहिला असणार, पण त्यांना त्यात लग्नच दिसलं.

मावशींचे यजमान चांगले हयात आहेत. त्यांनी फोटो बघून एवढंच विचारलं, “फिलू, जेवाण कुठल्या हॉलमदी ठेवलंय?” दळवी काकूंनी घरी काय केलं ते काकांनी आजतागायत सांगितलेलं नाही. आणि रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर फादरांनी मावशींना बाजूला घेतलं.

“मावशी, लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचावी लागतात. आणि आधीचा नवरा पहिल्या बाकावर बसलेला असला, की जरा अडचण होते!”

*

मावशींचा खरा हिसका सरांनी पुढे पाहिला. सरांनी त्यांच्यासाठी दीड पानाचा डायलॉग लिहिला होता. बिल्डरचा माणूस कागद घेऊन येतो तेव्हा बाईने म्हणायचं, ‘ही भूमी माझ्या पूर्वजांच्या घामाने सिंचित झालेली आहे,’ वगैरे वगैरे.

मावशींनी कागद हातात धरला, एकदा वाचला.

“सर, असं कोन बोलतं? भाषन हाय काय?”

“मग तुम्ही काय बोलाल?” सर जरा दुखावले होते.

मावशींनी खरोखर विचार केला. म्हणाल्या, “कायच नाय बोलनार. केळींना पानी द्यायची वेळ झालेली असल. पंप चालू करीन.”

सरांनी दीड पान फाडलं. सिनेमात आता तेवढंच आहे. माणूस कागद पुढे करतो, बाई उठते, पंप चालू करते, आणि पाटाचं पाणी त्याच्या बुटांपर्यंत येतं. परदेशात म्हणे लोकांनी तिथे टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी सर घरी जाताना मला म्हणाले, “तीस वर्षं मी निबंध तपासले. माझा निबंध आज पहिल्यांदा कुणी तपासला.”

*

आमचं सामान भाजीच्या टोपल्यांतून फिरायचं. खाली कॅमेरा, वर केळीची पानं, त्यावर वांगी नाहीतर वाल. एकदा कामणला एका रिकाम्या गोडाउनमध्ये हॉस्पिटलचा सेट लावला होता. सगळे जमले, टोपल्या उघडल्या आणि जॉयचा चेहरा पांढराफटक. मोठी लेन्स गायब!

दिवसभर शोधाशोध. साहेबांच्या माणसांच्या हाती लागली की काय, म्हणून सर्वांच्या तोंडचं पाणी पळालं. सरांनी तर जेवणही केलं नाही. संध्याकाळी मावशींची सून बाजारातून परतली, तर लेन्स तिच्या टोपलीत, तराजूच्या पारड्यात. टोपल्यांची अदलाबदल झाली होती. त्यात तिचं अर्ध्या किलोचं वजन हरवलं, म्हणून तिने दिवसभर जॉयच्या लेन्सवर वांगी तोलली होती!

जॉय लेन्स छातीशी धरून जवळजवळ रडायला आला. “वहिनी, काचेला काही झालं नाही ना?”

सून कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “काचेला काय व्हतंय? पन तुमचा ह्यो डबा पंदरा ग्रॅम कमी भरतो. माजी गिऱ्हाइकं भांडून गेली!”

*

दर सोमवारी सरांना सहीसाठी मी बाइकवरून न्यायचो. सरांच्या खांद्याला एक कापडी पिशवी असायची. मला वाटायचं स्क्रिप्ट असेल. एकदा ती माझ्या हातून पडली तेव्हा कळलं. टॉवेल, दाढीचं सामान, बीपीच्या गोळ्या, एक लेंगा-सदरा. आत घातलं तर लागेल म्हणून बाई, म्हणजे सरांच्या मिसेस, दर रविवारी ती भरून ठेवायच्या. दोन वर्षं! मला त्या दिवशी ठाण्याच्या दारात फार वाईट वाटलं, आणि साहेबांना मनातल्या मनात मी ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

पण सर ते सर. त्याच दिवशी आत दोन शेजाऱ्यांचं बोकडावरून भांडण चाललं होतं. एकाच्या बोकडाने दुसऱ्याची मिरचीची रोपं खाल्ली होती. दोघेही हवालदारांसमोर एकाच वेळी ओरडत होते. सर सही करता करता ऐकत होते. मी त्यांचा चेहरा पाहिला. शूटिंगवरचा तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता.

“थांबा!” सर कडाडले. “दोघं एकदम बोलू नका. तुम्ही खिडकीकडे सरका, तोंडावर उजेड येऊ दे. आणि तुम्ही, आधी त्यांच्याकडे नुसतं बघा. मग बोला. हं, पुन्हा पहिल्यापासून!”

मी देवाचा धावा करत होतो. आणि ते दोघे शेजारी, खरं सांगतो, मुकाट्याने पहिल्यापासून सुरू झाले!

हवालदारांनी रजिस्टर मिटलं. सरांच्या उन्हाने करपलेल्या मानेकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या हेडफोनकडे पाहिलं. मी तो काढायला विसरलो होतो.

“सर, सही झाली. निघा आता,” ते शांतपणे म्हणाले. “अजून थोडा वेळ थांबलात, तर मला दिसायला लागेल.”

*

शूट केलेलं सगळं तीन हार्ड डिस्कवर असायचं आणि तीन डिस्क तीन घरांत. त्यातली एक अर्नाळ्याला, आमची असिस्टंट हेमा हिच्या घरी. हेमाच्या आईने ती सुक्या बोंबलांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. “तितं कोन हात घालनार?” म्हणाली.

म्हातारीचं गणित अचूक निघालं. साहेबांची माणसं एकदा ‘सहज’ म्हणून घरात शिरली, कपाटं उपसली, गाद्या उलटल्या. एकाने डब्याचं झाकण उघडलं, नाक दाबलं आणि झाकण लावून टाकलं.

पुढे तीच डिस्क एडिटिंगला गेली. एडिटर मुंबईचा, शुद्ध शाकाहारी, एसी खोली, खिडक्या बंद. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

“सर, सीन अप्रतिम आहेत. फक्त एक विचारायचं होतं. सिनेमा केळीच्या वाडीवर आहे ना? मग मला तो बघताना समुद्र का जाणवतोय?”

*

आता शेवटच्या दिवसाचं सांगतो.

शेवटचा सीन असा. वाडी गेल्यावर बाई गावच्या क्रुसापाशी प्रार्थनेला येऊन बसते आणि तिचे डोळे वाहायला लागतात. गर्दी हवी होती. मे महिन्यात गावात क्रुसापाशी संध्याकाळी रोजरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, होतेच, मग उकडलेले चणे वाटतात. सर म्हणाले, खऱ्या रोजरीतच शूट करू. कॅमेरा फुलांच्या टेबलाखाली, पांढऱ्या कापडाआड. माझा माइक झेंडूच्या टोपलीत, आणि टोपली मांडीशी घेऊन मी मावशींजवळच बसलेला. गावात कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण म्हाताऱ्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या!

प्रार्थना अर्ध्यावर आली आणि रस्त्यावर तीन बाइक थांबल्या. साहेबांची माणसं. दोघे तिथेच उभे राहिले, एकजण आत आला. तिशीतला, काळा टी-शर्ट, हातात हेल्मेट. तो एकेक चेहरा बघायला लागला. सर दुसऱ्या रांगेत, डोक्यावर रुमाल टाकून, मान खाली.

रोजरी मधेच कुणी तोडत नाही. पण संपली की लोक उठणार, टेबल हलणार आणि सगळं उघडं पडणार. प्रार्थना सांगणाऱ्या म्हातारीने शेवटचा मणी सोडला. त्या माणसाकडे एकदा पाहिलं. आणि पुन्हा पहिल्या मण्यापासून ‘नमो मरिये’ सुरू केलं!

अख्ख्या गावाने साथ दिली. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, पण एकही उठलं नाही. दुसरी फेरी संपली. तिसरी लागली. टेबलाखालून जॉयने मला चार बोटं दाखवली. बॅटरी चार मिनिटं उरली होती.

तो माणूस एवढा वेळ उभाच होता. मग त्याने हेल्मेट खाली ठेवलं, चपला काढल्या आणि गुडघे टेकले. नेमके मावशींच्या शेजारी! बरोबर फ्रेममध्ये. मावशींचे डोळे सीनप्रमाणे वाहत होते.

त्याने हळू आवाजात विचारलं, “मावशी, का रडता?”

मावशींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. “वाडी गेली रे माजी.”

त्याने क्रुसाकडे पाहिलं. मग म्हणाला, “आमची पन गेली.”

तेवढ्यात प्रार्थना संपली. चणे वाटले. त्याने दोन्ही हातांनी घेतले, चपला घातल्या, बाजूला जाऊन फोन लावला.

“काय नाय, साहेब. इतं नुसती प्रार्थना चाललीय.”

माझा जीव भांड्यात पडतोय तोच तो वळला आणि सरळ माझ्याकडे आला. मी टोपली घट्ट धरली. तो वाकला, झेंडूच्या फुलांजवळ तोंड नेलं आणि म्हणाला,

“आवाज नीट आला ना माजा?”