नववीच्या सगळ्या मुली बेचाळीस किलोच्या

रजिस्टर उघडलं तर नववीतल्या एकोणीस मुलींचं वजन बेचाळीस किलो. उंचीही सगळ्यांची एकच. मी शालेय तपासणी पथकाची डॉक्टर. सिरसाळ्याकडच्या त्या शाळेत आम्ही पोचायच्या आधीच तपासणी उरकली होती.

"तुमचा टाइम वाचावा म्हणून मीच भरून ठिवलं, मॅडम," वर्गशिक्षक म्हणाले. "तपासणीची कार्डंबी घरी वाटली."

'पाळीत पोटदुखी' या रकान्यात एकोणीस वेळा 'नाही'.

"हे मुलींना विचारलं कुणी?"

"असलं कसं इचारावं? न्हाईच लिवलं."

म्हणजे सरांना लाज वाटली आणि मुलींचं दुखणं बंद झालं. इतकं जालीम औषध आमच्याकडे नाही.

काटा मांडला. त्यांतली पूजा भरली एकतीस किलो, उंची एकशे एक्कावन्न. उंचीच्या मानाने वजन किती, ते बीएमआय सांगतो. तिचा साडेतेरा, म्हणजे अतिकृश. दर महिन्याला दोन दिवस ती पोट दाबून पडून राहायची. उलट्यांच्या भीतीने जेवायची नाही. हजेरीत नुसतं 'गैरहजर'.

आईला बोलावून घेतलं.

"लगीन झालं की थांबतंय ते, मॅडम. पुढल्या महिन्यात पाव्हणे येणार हायेत. सरांचं कार्ड धाडलंय त्यांना, पोरगी ठणठणीत हाय म्हणून."

"चौदा वर्षांची आहे ती. आणि पोटदुखीचं सांगितलंत?"

"ते कशाला सांगायचं?"

माझं डोकं तडकलं. खरं कार्ड भरून पूजाच्या हातात दिलं, सोबत लोहाच्या आणि दुखण्यावरच्या गोळ्या. मग ग्रामसेवकांना गाठलं, कारण गावात बालविवाह रोखायची जबाबदारी त्यांची. "लेखी द्या, बघतो," म्हणाले. दिलं. ते अजून बघतायत.

पुढचं पूजानेच पुढल्या फेरीत सांगितलं. पाहुणे आले, तेव्हा तिने चहाच्या ट्रेमध्ये कपांशेजारी नवं कार्ड ठेवलं. मुलाच्या आईने ते कुणाकडून तरी वाचून घेतलं. त्यांचं बिऱ्हाड दरवर्षी ऊसतोडीला जातं, जोडप्याने.

"एकतीस किलो? ही उसाची मोळी कशी उचलंल?"

चहा तसाच टाकून सगळे उठले.

पूजा आता दहावीत आहे. त्या दिवसांत आधी दोन घास खाते, मग गोळी घेते आणि वर्गात बसते. ती आजारी आहे, हे मी आईला सांगितलं, सरांना सांगितलं, ग्रामसेवकांना लिहून दिलं. कुणाला पटलं नाही. मोळी उचलता येणार नाही म्हटल्यावर मात्र सगळ्या गावाला पटलं.