कोऱ्या तक्त्याखालची सही

आमच्या वन्यजीव विभागात प्राध्यापक नऊ आणि गाडी एक. त्यामुळे खरा मान कोणाला होता, ते वेगळं सांगायला नको. ड्रायव्हरकाका अठ्ठावीस वर्षं ती गाडी नदीकाठानं हाकत होते. शिक्षण नववी, तेही नापास. पण दगडावरची विष्ठा हुंगून ती पाणमांजराची की साध्या मांजराची ते सांगायचे, आणि डॉक्टरेट झालेली माणसं ते मुकाट्यानं वहीत उतरवून घ्यायची. मी विभागाची क्लार्क. मला विष्ठेतलं काही कळत नाही, कागदातलं कळतं.

आमच्याकडे एक पद्धत होती. विद्यार्थी नदीवर जाऊन आला की छापील तक्त्यावर त्या दिवसाची नोंद करायचा आणि खाली साक्षीदार म्हणून ड्रायव्हर सही करायचा. पूर्वी कोणीतरी घरबसल्या प्राणी पाहिले होते, त्यावरचा हा तोडगा. पण परतताना काकांचे हात चिखलानं माखलेले असायचे. म्हणून ते सोमवारी सकाळीच बॉनेटवर अख्खा गठ्ठा ठेवून कोऱ्या तक्त्यांवर सह्या ठोकून टाकायचे. हे सगळ्या विभागाला माहीत होतं. मलाही होतं.

त्या वर्षी शिष्यवृत्ती एकच होती आणि शेवटच्या यादीत दोघं उरले होते. एक मुलगी. तिच्या भावानं तिला स्वच्छ सांगितलं होतं, शिष्यवृत्ती मिळाली तर पुढे शीक, नाहीतर उद्यापासून दुकानात बस. दुसरा मुलगा, बोलायला एकदम तयार. पाच महिन्यांत त्याला पाणमांजर एकवीस वेळा दिसलं. मुलीला तीनदा. तिच्या बाकीच्या सदतीस तक्त्यांवर एकच वाक्य होतं, 'काही आढळले नाही.' ही नदीवर जाते की झोपा काढते, असं निवड समितीतले एक सर माझ्यादेखत म्हणाले.

काकांनी स्वतःच तिला एकदा म्हटलं होतं, "अगं, लिहून टाक एखादं. कोण बघायला येतंय?"

"नाहीये तर नाहीये, काका," ती म्हणाली आणि चिखलातून पुढे गेली. हे मला सांगताना काका ओशाळं हसले होते.

बैठकीच्या दिवशी सकाळी काका गाडीचं लॉगबुक काखेत मारून माझ्या टेबलाशी आले. मुलाचे तक्ते मागून घेतले, एकेक तारीख बोट ठेवून जुळवली.

"ताई, या चार दिवशी गाडी गॅरेजात होती. क्लच उघडून ठेवला होता. हा गेला कसा?"

"काका, खाली सही तुमची आहे," मी म्हटलं. "निवृत्तीला आठ महिने राहिलेत. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"सही माझी आहे म्हणूनच मला जायला हवं. दुसरं कोण सांगणार?"

मला त्यांचा रागच आला. त्यांच्या जागी मी गप्प बसले असते, हे मला तेव्हाच कळलं होतं.

बैठकीत मी इतिवृत्त लिहायला होते. अध्यक्षांनी चष्मा पुसला.

"ही सही तुमची?"

"माझीच."

"मग तुम्ही त्या दिवशी नदीवर होता की नव्हता?"

"नव्हतो. कोऱ्या कागदावर केलेली सही आहे. सगळ्याच तशा आहेत, साहेब. तिच्या तक्त्यांवरच्यासुद्धा. पण तिच्या चाळीसही तारखा लॉगबुकात आहेत, बघा."

मुलाला बोलावलं. आधी तो मोटारसायकलनं गेलो म्हणाला, मग म्हणाला चारच खोटे आहेत. बाकीचे सतरा खरे होते की नाही, देव जाणे. त्यानंतर समितीतल्या त्याच सरांनी मुलीचे 'काही नाही'चे तक्ते पहिल्यांदाच नीट वाचले. वाळू उपसायला सुरुवात झाली त्या महिन्यापासून तिथलं पाणमांजर नाहीसं झालं होतं. ही गोष्ट फक्त तिच्याच कागदांत होती.

शिष्यवृत्ती तिला मिळाली. काकांना मेमो मिळाला. टाइप मीच केला. गाडी काढून घेतली आणि उरलेले आठ महिने त्यांना नमुन्यांच्या खोलीत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं.

महिन्याभरानं मी तिथे रजिस्टर द्यायला गेले, तर ती मुलगी उभी होती. बुटांना चिखल तसाच. नव्या ड्रायव्हरबरोबरची तिची ती पहिली फेरी होती. तिनं तक्ता काकांपुढे ठेवला.

"काका, पहिली सही तुमचीच हवी."

काकांनी हात पुसले, तक्ता सावकाश पूर्ण वाचला. काही आढळले नव्हते. त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"मी आलो नव्हतो गं," ते म्हणाले. "जो आला होता त्याची घे."