दोन बोटांचं माप

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात सहीपलीकडं कोणी कागदावर काही लिहिलेलं नाही, आणि मीही कॉलेजच्या दुसऱ्याच वर्षाला आहे. तरी बाबांच्या डाव्या हाताबद्दल सांगावंसं वाटतं.

वडशाच्या कॉलेजात इंग्रजीच्या तासाला मी फळ्यावर ‘आय वॉश हँड्स’ लिहिलं. सर म्हणाले, "कोणाचे? शेजाऱ्याचे?" सगळा वर्ग हसला. इंग्रजीत हाताआधी माझा, तुझा, त्याचा असं सांगावंच लागतं. आमच्याकडं नुसतं हात धुतले, हात भाजला, हात दुखून राह्यला म्हणतात. सरांनी माझ्याकडून वहीभर वाक्यं लिहून घेतली. ती लिहिताना उगाच वाटायचं, की जो तो आपापला हात कवटाळून बसला आहे.

दिवाळीत घरी गेलो, तर बाबांचा डावा हात पट्टीत होता. तलावात मासे धरताना मागूर माशाचा काटा तर्जनीत घुसला होता आणि बोट काळं पडत चाललं होतं. गडचिरोलीला डॉक्टर म्हणाले, काळेपणा वर चढला तर बोट कापावं लागेल. बाबा जाळं विणतात ते याच हाताच्या दोन बोटांवर. मापाची पट्टी ते वापरत नाहीत. दोन बोटांभोवती दोरा घ्यायचा, गाठ मारायची, की जाळ्याचं एक भोक तयार. बोट गेलं असतं तर मापच गेलं असतं.

खुंटीला अर्धं जाळं टांगलेलं होतं. बाबा त्याच्याकडं बघत बसायचे. मला ते बघवेना. सुई घेऊन मी पुढं विणायला लागलो.

चार ओळी झाल्यावर बाबा म्हणाले, "पोट्ट्या, भोकं लहान येऊन राह्यले. वही धरून धरून बोटं काडीवानी झाले तुह्ये."

"मंग उसवू का?"

"राहू दे. बरा झालो का मीच उसवीन."

माय चुलीपाशी हसली. "त्याचे चार ओळी उसवाले तुमाले चार दिवस लागतीन. गाठी पाहा कश्या आवळल्या!"

बाबाही हसले. त्या सुट्टीत ते हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

परीक्षा होती म्हणून मला परत यावं लागलं. आमच्या गावात फोनला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, मिळते, त्यामुळं घरून फोन येईल तेव्हाच काय ते कळायचं. इंग्रजीच्या पेपरात घरच्या माणसावर दहा ओळी लिहायच्या होत्या. पहिलीच ओळ मी बाबांच्या हाताची लिहिली. कोणाचा हात, हे लिहायला या वेळी विसरलो नाही.

परत आल्यावर नवव्या दिवशी मायचा फोन आला. वाऱ्यानं आवाज तुटत होता.

"बाबू, पट्टी काढली. बोट राह्यलं. पुरं वाकत नाई अजून, पण दोरा धरते."

मी विचारलं, "माह्या ओळी उसवल्या का बाबानं?"

"नाई. तेथूनच पुढं विणून राह्यले."