आवाज थोडा वर घेतलाय

"सिलाक्का तूच आहेस," इल्पो म्हणाला. "कबूल कर आणि विषय संपव."

"मी मासा आहे का?" मारित्ता बटाटे सोलत होती. तिने मानही वर केली नाही.

"नाटक नको. फ्रिजमध्ये दुसऱ्या फळीवर सिलाक्काची बरणी आहे. या घरात एकटी तूच खातेस."

"सगळं लाहती गाव खातं. जा, दारोदार विचारून ये."

मी खिडकीपाशी कॉफी घेऊन बसले होते. मारित्ता माझी धाकटी बहीण, इल्पो तिचा नवरा. मी त्यांच्या भिंतीपलीकडच्या घरात राहते आणि रविवारी जेवायला इकडे येते. हे भांडण गुरुवारपासून चाललं होतं. भिंत पातळ आहे, त्यामुळे मला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं.

जुन्या धाटणीची गाणी करणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीसारखी, मोठ्या ऑर्केस्ट्राची, घुमारा असलेली गाणी हे लोक घरी बसून बनवतात, तिथे टाकतात आणि काय चुकलं ते एकमेकांना विचारतात. इल्पोने आपलं गाणं, त्यातले आवाज कमीजास्त करून नव्याने जुळवत, तीनदा टाकलं. दर वेळी वर एकच ओळ लिहिली : मिक्स नवीन आहे, आवाज थोडा वर घेतलाय. आणि दर वेळी सिलाक्का नावाच्या कुणीतरी खाली लिहिलं : गाणारी बाई अजून शेजारच्या खोलीत दार लावून गातेय.

"'दार लावून' हे तुझे शब्द आहेत," इल्पो म्हणाला. "मी काम करत बसलो की तू हेच म्हणतेस. आणि वेळ बघ. मंगळवार, सव्वादोन. शाळेच्या स्वयंपाकघरात तुझी सुट्टी कधी असते?"

"सव्वादोनला. तेव्हा मी पाय वर करून बसते. तुझी गाणी ऐकत नाही."

"मग तुइरे असेल," असं म्हणून तो माझ्याकडे वळला.

"मला त्या कट्ट्यावर कसं जायचं तेच माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. पण इल्पोने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तो लिफ्टच्या दाराकडे पाहतो, आवाज करणारं दार हेच असणार म्हणून.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर इमारतींच्या पोटात उभा राहून तारांचा आवाज ऐकायचा आणि नेमकं काय घासतंय ते सांगायचं, हे त्याचं काम. उन्हाळ्यात शनिवारी मात्र तो तळ्याकाठच्या नाचमंडपात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, वाजवायचा. ऑर्केस्ट्रात दुसऱ्या रांगेत डावीकडची खुर्ची, तीस उन्हाळे. मंडपाचा ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा त्याने मागच्या खोलीत संगणकावर नवा उभा केला. व्हायोला स्वतः बारा वेळा वाजवून बारा माणसांची केली. व्हायोलिनं, बासऱ्या, हार्प यंत्रातून आणली. गायला मारित्ताला कपड्यांच्या कपाटात उभं केलं, हिवाळी कोटांच्या मधे, घुमारा नको म्हणून.

मारित्ता त्याच मंडपात चार उन्हाळे गायलेली. मुलगी झाली, हिल्ला, आणि तिने गाणं सोडलं, त्याला चोवीस वर्षं झाली. आता मेच्या पहिल्या तारखेला मंडप पुन्हा उघडणार होता आणि उद्घाटनाला इल्पोचं गाणं वाजायचं ठरलं होतं. सगळं गाव येणार. म्हणून तिला जाणून घ्यायचं होतं की नवरा आपला आवाज झाकतोय का. माशाचं नाव कुणाचं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

"मला एवढंच सांग," बटाटे पातेल्यात टाकत ती म्हणाली, "माझा आवाज म्हातारा झालाय का? झाला असेल तर तोंडावर म्हण."

"तीनदा वर घेतलाय मी तो!"

"गेल्या रविवारी गाडीत मला काडीचा फरक वाटला नाही."

या लोकांचा गाडीवर फार विश्वास. मिक्स झालं की ते गाडीत ऐकायचं. त्यामुळे फेब्रुवारीच्या उणे पंधरा अंशांत आम्ही तिघं कोट घालून अंगणातल्या गाडीत बसायचो, गाणं संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. पहिल्या वेळी मी "बरं आहे" म्हटलं. आमच्याकडे लग्नातल्या नवरीलाही याहून जास्त कुणी म्हणत नाही. पण सिलाक्का आल्यापासून इल्पोला त्यातही वास यायला लागला. "बरं म्हणजे कुठे बरं?" असं त्याने मला दोन दिवस विचारलं.

"तुला एकटीला फरक कळत नाही," तो मारित्ताला म्हणाला. "कट्ट्यावर अकरा जणांनी लिहिलंय, आता आवाज जागेवर आला. एकाने लिहिलंय, अंगावर काटा आला. तुम्ही दोघी आणि तो मासा सोडून सगळ्यांना ऐकू येतं."

तेवढ्यात हिल्ला आली. ती दातांच्या कवळ्या बनवते, केसाएवढी फट बघायची सवय आहे तिला. बूट काढता काढता तिने दोन्हीकडचं ऐकून घेतलं.

"बाबा, खोलीत चला. मला दाखवा, कसा वर घेतलात."

आम्ही सगळे तिच्या मागे गेलो. पडद्यावर साठेक ओळी होत्या, प्रत्येकीला आवाज कमीजास्त करायची एक पट्टी. इल्पोने गाणं सुरू केलं, 'मारित्ता' लिहिलेल्या ओळीची पट्टी हळूच वर सरकवली, आणि डोळे मिटले.

"हे बघ. आला ना पुढे?"

"आता मी खाली घेते," हिल्ला म्हणाली. तिने पट्टी पार तळाला नेली.

"बघ, बघ, लगेच मागे गेली," इल्पो डोळे मिटूनच म्हणाला. "फार नको नेऊस, नाहीशी होईल."

मारित्ताचा आवाज जिथे होता तिथेच, व्हायोलिनांच्या मागे, आरामात गात होता.

"बाबा, पट्टी शून्यावर आहे."

इल्पोने डोळे उघडले. हिल्लाने त्या ओळीच्या कडेचं लाल चिन्ह दाखवलं. ती ओळ बंद होती. नोव्हेंबरात मारित्ताला सर्दी असताना घेतलेलं ते गाणं, नको म्हणून त्यानेच बंद केलेलं. जानेवारीत पुन्हा गाऊन घेतलेलं चांगलं गाणं सात ओळी खाली होतं. त्याच्या पट्टीला कुणी हातही लावला नव्हता. तीन आठवडे तो बंद ओळ वर चढवत होता. कट्ट्यावर तिन्ही वेळा तेच गाणं जसंच्या तसं गेलं होतं, आणि अकरा जणांना आवाज जागेवर आलेला ऐकू आला होता.

कुणी हसलं नाही. मला हसू येत होतं, पण मी कॉफी प्यायले.

"म्हणजे तो मासा एकटाच ऐकत होता," इल्पो हळू आवाजात म्हणाला.

"मीही ऐकत होते," मारित्ता म्हणाली. "पण मी तर घरातलीच ना. आणि त्या नव्या ओळीचा आवाज पहिल्यांदा एवढा खाली कुणी ठेवला? तोही चुकून?"

"नाही. तो मीच ठेवला."

"का?"

"असाच असतो तो," इल्पो म्हणाला. "व्हायोलिनं जवळ, बासऱ्या उजवीकडे, आणि गाणं तिकडे, पलीकडे जाणारं. मी तसंच केलं. जसं होतं तसं."

"तुझ्या खुर्चीवरून," हिल्ला म्हणाली.

"हो, मग कुठून?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तीस उन्हाळे हा माणूस गाणाऱ्यांच्या मागे बसला. त्यांची तोंडं लोकांकडे, आवाज लोकांकडे. माझ्या बहिणीला चार उन्हाळे त्याने ऐकलं ते पाठमोरं. समोरून ती कशी ऐकू येते ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, फक्त तिच्या नवऱ्याला नाही.

मला ते पटलं. मारित्ताला अर्धंच पटलं असावं. ती त्याच्याकडे बघत राहिली, जशी ती बाजारात वजनकाट्याकडे बघते.

"छान कारण आहे," ती म्हणाली. "सुचायला तीन आठवडे लागले."

"अगं, खरंच..."

"असेल खरं."

ती स्वयंपाकघरात गेली. बटाटे गाळले, मासे आणि शेपूची पानं टेबलावर ठेवली, आम्हाला हाक मारली. सगळे बसल्यावर तिने आधी स्वतःला वाढून घेतलं, जे ती कधी करत नाही.

"त्या गाण्यातून माझा आवाज काढून टाक," ती इल्पोला म्हणाली. "दोन्ही ओळी. नुसता ऑर्केस्ट्रा राहू दे. मेच्या एक तारखेला मी स्वतः उभी राहून गाणार आहे. मंडपवाल्यांना उद्या फोन करते. तू लोकांत बसायचंस, पहिल्या रांगेत, तुइरेच्या शेजारी."